गणवेशाचं कापड येतं कुठून? माधवनगरच्या वर्गातला एक धडा



मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गावर पर्यावरणाचा तास घेत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एका सुती टी-शर्टसाठी २,७०० लिटर पाणी'. हा आकडा आपण सगळेच कधी ना कधी लिहितो, तक्त्यावर चिकटवतो, भाषणात वापरतो. मीही त्यावरून पुढे कीटकनाशकं, रंगाचं सांडपाणी, नदीचं प्रदूषण असं सांगत गेले. तास संपत आला तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, म्हंजे आमच्या पप्पांचा धंदा वाईट हाय का?"

वर्ग एकदम गप्प झाला. आमची शाळा माधवनगरची. या गावात एकेकाळी कॉटन मिल होती, ती बंद पडली, पण मागांचा खडखडाट काही थांबला नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचं कुणी ना कुणी मागावर आहे, सायझिंगमध्ये आहे, कांड्या भरायला जातं नाहीतर कापडाच्या गाठी टेम्पोत चढवतं. त्या मुलांसमोर मी कापसाच्या कपड्याची सगळी पापं वाचून दाखवली होती आणि त्यांच्या घरच्यांचा कुठे उल्लेखही केला नव्हता.

त्या दिवशी मी तिला एवढंच म्हटलं, "उद्या सांगते." मग पुढचे चार तास आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. तेच तुमच्यासमोर मांडते आहे. 'शाश्वत' हा शब्द पाठ्यपुस्तकात येतो, मुलं तो पाठ करतात. पण अंगावरचा गणवेश हातात धरून तो शिकवला तर चांगला समजतो, असा माझा अनुभव आहे.

आधी साखळी समजून घेऊ

शेतातलं बोंड ते अंगातला शर्ट यामध्ये किती हात लागतात? वर्गात विचारलं तर मुलं म्हणाली, "शेतकरी, गिरणी, दुकान." तिघंच! आम्ही फळ्यावर यादी केली तेव्हा ती अशी निघाली:

शेतकरी आणि वेचणीच्या बायका, जिनिंग, सूतगिरणी, सायझिंग, यंत्रमाग, प्रोसेसिंग (म्हणजे धुलाई, ब्लिचिंग, रंगाई), शिलाई, व्यापारी आणि दुकानदार, शेवटी आपण. आणि आपल्यानंतर बोहारीण किंवा कचऱ्याची गाडी.

माधवनगर या साखळीत मधोमध बसतं. इकडे सूत येतं, तिकडे कोरं कापड जातं. त्यामुळे आमच्या मुलांनी कापसाचं शेतही फारसं पाहिलेलं नाही आणि रंगाईचा कारखानाही नाही. सांगली जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षं दिसतात, कापूस येतो तो विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थांबून आम्ही एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: इथला भार कुणाच्या अंगावर पडतो?

शेत: त्या २,७०० लिटरचं काय?

पहिल्यांदा माझ्याच आकड्याची तपासणी केली. जगाच्या सरासरीने एक किलो कापसाच्या मालाला साधारण १०,००० लिटर पाणी लागतं. एक टी-शर्ट पाव किलोच्या आसपास धरला की तो २,७०० चा आकडा येतो. आकडा खोटा नाही. पण त्यात आभाळातून पडणारं पाणी आणि धरणातून, विहिरीतून उपसलेलं पाणी एकत्र मोजलेलं असतं.

महाराष्ट्र कापसाच्या लागवडीत देशात आघाडीवर, आणि इथला बहुतेक कापूस कोरडवाहू. आपल्या उसाला जसं पाटाचं पाणी मिळतं तसं त्याला मिळत नाही. पावसावर येतो, पावसाने दगा दिला की जातो. म्हणजे यवतमाळच्या कापसाबद्दल बोलताना 'याने नदी पिऊन टाकली' असं म्हणणं बरोबर होणार नाही. हीच गोष्ट मध्य आशियात खरी आहे. तिथे कापसासाठी नद्यांचे प्रवाह वळवले आणि अरल समुद्र आटला. एकच आकडा सगळ्या जगाला लावला की मुलांना भलतंच चित्र दिसतं, हे मला या निमित्ताने कळलं.

मग आपल्याकडच्या शेतावर भार कसला? एक, बियाण्याचा. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे तो बहुतेक संकरित वाणांत आला, आणि संकरित बियाणं घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. दरवर्षी विकत घ्यावं लागतं. दोन, अळीचा. ज्या बोंडअळीपासून सुटका व्हावी म्हणून हे बियाणं आलं, त्यातल्या गुलाबी बोंडअळीने काही वर्षांत त्याला दाद देणं बंद केलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठं नुकसान केलं. आणि तीन, फवारणीचा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले.

हे सांगताना मी मुलांना फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस काढायला सांगितला. त्याच्या अंगावर काय हवं होतं? मुलांनी आपणहून सांगितलं, मोजे, मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मग एकाने विचारलं, "एवढ्या उन्हात कसं घालणार, बाई?" प्रश्न बरोबर आहे. दुपारच्या उकाड्यात, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, हे सगळं घालून फवारणं सोपं नाही. म्हणूनच पहिला उपाय 'चांगला मास्क' हा नसून 'कमी फवारणी' हा आहे. कामगंध सापळे लावणं, अळीची संख्या मोजूनच औषध मारायचं की नाही ते ठरवणं, हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या शेतात उभ्या न ठेवणं. कृषी विद्यापीठं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हेच सांगतात.

जिनिंग: काहीच वाया न जाणारी कडी

शेतातून येतो तो कापूस, म्हणजे सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं आणि उरते ती सरकी पेंड. हे म्हटल्यावर अर्ध्या वर्गाचे हात वर! "आमच्या म्हशीला घालतो की!" म्हणजे विदर्भातल्या कापसाचा एक भाग आपल्या गोठ्यात येतो, आणि तिथून दुधातून आपल्या चहात. साखळी म्हणजे काय ते समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

रुई दाबून गाठी बांधतात. आपल्याकडे एक गाठ १७० किलोची. मुलांकडून गणित करून घ्या: एका गाठीसाठी किती क्विंटल कापूस लागला? (उत्तर पाच क्विंटलच्या आसपास येतं.)

सायझिंग आणि माग: आपल्या गावची कडी

आता आपल्या गावात येऊ. सूतगिरणीतून सूत येतं. कापडात दोन धागे असतात, उभा आणि आडवा. मागावर उभ्या धाग्याला सारखा ताण बसतो, घासाघीस होते, हजारो वेळा वरखाली व्हावं लागतं. नुसता सुती धागा असेल तर तुटतो. म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ लावतात, गरम रुळांवर वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. खळ मुख्यतः स्टार्चची असते, म्हणजे आपल्या भाताच्या पेजेची थोरली बहीण. कधी त्यात पीव्हीएसारखी कृत्रिम रसायनंही मिसळतात. धाग्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के खळ त्यावर चढते. वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला जळण.

मग बीम मागावर चढतो. इथला आवाज मुलांना मी सांगायची गरज नाही. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातात. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांनी सांगितलं की घरी आजोबांशी मोठ्यानेच बोलावं लागतं. सुताची बारीक धूळ छातीत जाते ती वेगळीच.

आणि यातून मिळतं काय? आपल्या भागातले कितीतरी मागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, यांनी फक्त विणून द्यायचं. त्याची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे एका इंचात बसणारे आडवे धागे. दर मीटरला एका पिकामागे इतके पैसे. हो, पैसेच, रुपये नव्हे!

आम्ही गणित केलं. *समजा* पिकाला ६ पैसे मजुरी आहे आणि कापड ६० पिकाचं आहे. एका मीटरला ३ रुपये ६० पैसे. एका शर्टाला दीड मीटर धरलं तर ५ रुपये ४० पैसे. याच पाच रुपयांत वीजबिल, कामगाराची मजुरी, कांडीवालीची मजुरी, मागाची दुरुस्ती आणि मालकाचा नफा. दुकानात तो शर्ट समजा ४०० रुपयांना मिळतो.

हे गणित फळ्यावर झालं तेव्हा त्या मुलीकडे माझं लक्ष गेलं. ती वहीत आकडे उतरवत होती. "बाई, हे पप्पांना दाखवू?" मी म्हटलं, "दाखव, आणि दर बरोबर आहे का ते विचारून ये." दुसऱ्या दिवशी ती वडिलांनी केलेली दुरुस्ती घेऊन आली. आमचं खरं गणित त्या दिवशी झालं. तुमच्या गावात माग असतील तर हा दर पुस्तकात शोधू नका, पालकांना विचारा. आपल्याला न येणारी गोष्ट वडील समजावून सांगतात, हे मुलाला वर्गात दिसणंही महत्त्वाचं आहे.

प्रोसेसिंग: लावलेली खळ जाते कुठे?

इथे मला स्वतःला नवीन काहीतरी कळलं. मागावरून उतरलेलं कोरं कापड, आपलं मांजरपाट म्हणा ना, तसंच रंगवता येत नाही. खळ असेल तर रंग धाग्यात शिरत नाही. म्हणून प्रोसेसिंगमध्ये पहिलं काम म्हणजे सायझिंगमध्ये मुद्दाम लावलेली सगळी खळ काढून टाकणं! त्यासाठी अमायलेज हे विकर वापरतात. पचनाच्या धड्यात लाळेतलं जे अमायलेज शिकवतो ना, त्याच जातीचं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तसंच कापडावरच्या स्टार्चचं होतं. त्याची विरघळणारी साखर बनते आणि ती पाण्याबरोबर वाहून जाते.

साखरच तर आहे, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते नदीत. जिवाणूंना हे आयतं जेवण मिळतं. ते भराभर वाढतात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवून टाकतात. मासे गुदमरतात. कापडाच्या सांडपाण्यातल्या सेंद्रिय भाराचा मोठा वाटा रंगाचा नसून या खळीचा असतो. रंगीत पाणी डोळ्यांना दिसतं म्हणून आपण त्याच्या नावाने ओरडतो, खळीचं पाणी दिसत नाही.

त्यानंतर कॉस्टिक सोड्यात उकळणं, ब्लिचिंग, रंगाई. सुती कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. खळ जिवाणू खाऊन टाकू शकतात, त्यामुळे साध्या शुद्धीकरण केंद्रात तिचा बंदोबस्त होतो. मीठ मात्र कुणी खात नाही. ते पाण्याबरोबर पुढे जातं, शेतात जातं, जमीन खारावते.

आपल्या भागातलं मोठं प्रोसेसिंग इचलकरंजीला. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे ते गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. शहराला लागून पंचगंगा. कापडाच्या कारखान्यांचं पाणी, कोल्हापूर आणि इचलकरंजीचं मैलापाणी, साखर कारखान्यांचं पाणी हे सगळं त्या एका नदीत. एकट्या कापडावर खापर फोडणं बरोबर नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळे पसरते तशी साथ होती. पण ज्या नदीकाठी गाव वसलं त्या नदीचं पाणी प्यायला नको, दुसऱ्या नदीचं आणा, अशी वेळ शहरावर आली हे खरं आहे. पंचगंगा पुढे शिरोळ तालुक्यातून जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या माधवनगरात लावलेली खळ वाडीच्या घाटापर्यंत जाऊ शकते. नकाशा काढायला सांगितला तेव्हा मुलांना हे पटलं.

मग यावर इलाज नाहीच का? आहे, पण त्याला पैसे पडतात. तमिळनाडूतलं तिरुपूर हे होजियरीचं मोठं केंद्र. तिथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी खराब झाली, खालच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. त्यानंतर तिथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता पाणी आणि मीठ परत वापरण्याची यंत्रणा उभी राहिली. ती महाग आहे, वीजही खूप खाते. तेव्हा प्रश्न असा उरतो की हा खर्च कापडाच्या किमतीत धरायचा, की नदीकाठच्या शेतकऱ्याकडून गुपचूप वसूल करायचा?

आता आपली कडी: गणवेश

इथपर्यंत सगळं दुसऱ्यांबद्दल होतं. पण हे कापड मागणारे कोण? आपणच.

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपये मिळतात. कापड, शिलाई, बटणं, सगळं त्यातच. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, त्याचा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला आहे. पुढच्या वर्षापासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. आता ३०० रुपयांचं गणित मांडून बघा. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ८१ रुपये. एका पूर्ण सुती शर्टाला सूत आणि कापडातली घट धरून पाऊण किलोच्या आसपास कापूस लागेल. म्हणजे ६० रुपये फक्त शेतकऱ्याचे, तेही हमीभाव मिळाला तर. वर सूत, सायझिंग, माग, प्रोसेसिंग, शिलाई, आणि अजून पँट राहिलीच! हे बसत नाही. म्हणून पॉलिस्टर मिसळलेलं, बहुतेक वेळा पॉलिस्टरच जास्त असलेलं कापड येतं. आपण एवढ्याच पैशांत मागतो, तेव्हा साखळीतला प्रत्येक जण आपला भार पुढच्यावर ढकलतो.

मी पॉलिस्टरच्या विरोधात नाही. ते लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते, टिकतं. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात मुलांना त्याचा त्रास होतो, धुताना त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि मिश्र कापड फाटल्यावर त्याचा परत धागा करणं फार अवघड असतं. हे सगळं समोर ठेवून निवड करावी, एवढंच म्हणणं.

समितीच्या बैठकीत पुढच्या वेळी एवढं तरी विचारा:

१. कापडात सूत किती टक्के? लेबलवर किंवा बिलावर लिहून घ्या.

२. एक मीटर कापड आधी धुऊन बघा. आटलं किती? रंग गेला का?

३. शिवताना बाहीला आणि पँटच्या खाली दाब ठेवला आहे का? आपल्या लहानपणी आई 'वाढत्या अंगाचा' शिवायला सांगायची. दोन इंचांच्या दाबाने गणवेश आणखी एक वर्ष चालतो.

४. जुने, चांगले गणवेश धुऊन, इस्त्री करून लहान मुलांना द्यायची सोय शाळेत आहे का? जूनमध्ये एक खोली, एक टेबल पुरतं. कुणी घेतलं याची नोंद ठेवू नका, म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तिसरी आणि चौथी. शर्ट एक वर्षाऐवजी दोन वर्षं वापरला की त्यामागची फवारणी, खळ, मीठ, वीज, सगळंच निम्म्यावर येतं. त्यासाठी कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.

'ऑरगॅनिक' लिहिलं की झालं का?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. नुसतं 'ऑरगॅनिक' किंवा 'इको' छापलं असेल तर त्याला अर्थ नाही. जीओटीएस हे चिन्ह असेल तर शेतापासून रंगाईपर्यंत तपासणी झालेली असते, सांडपाण्याचीही. बेटर कॉटन हा वेगळा प्रकार आहे. त्यात शेतकऱ्याला फवारणी आणि पाणी कमी करायला मदत होते, पण हिशोब अनेकदा एकूण मालाचा ठेवला जातो. तुमच्या हातातल्या शर्टात तोच कापूस असेल असं नाही. खादीचं चिन्ह म्हणजे हाताने कातलेलं, हाताने विणलेलं. प्रत्येक चिन्ह साखळीच्या ठरावीक कड्यांबद्दल बोलतं, सगळ्या कड्यांबद्दल कुठलंच बोलत नाही. मुलांना 'हे चिन्ह कोणत्या कडीबद्दल आहे?' असं विचारायची सवय लावा.

वर्गात करण्याजोगं

*आयोडीनची चाचणी.* बाजारातून न धुतलेलं मांजरपाट हातभर आणा. त्याचा एक तुकडा गरम पाण्यात साबणाने दोन-तीनदा खळखळून धुवा. दोन्ही तुकड्यांवर आयोडीनचा थेंब टाका (थेंब शिक्षकांनीच टाकावा, डाग पडतात). खळ स्टार्चची असेल तर कोरा तुकडा निळा-काळा पडेल, धुतलेला फिका. खळ कुठे गेली? धुतलेल्या पाण्यात! त्या पाण्यातही थेंब टाकून बघा.

*दोन बाटल्या.* दोन्ही बाटल्यांत ओढ्याचं किंवा तळ्याचं पाणी काठोकाठ भरा. एकीत दोन चमचे भाताची पेज घाला. प्रयोगशाळेतलं मेथिलीन ब्लू दोन्हींत थेंब-थेंब टाका आणि झाकण लावा. ऑक्सिजन संपत जाईल तसा निळा रंग जातो. पेजेच्या बाटलीतला आधी जातो. दिवसातून तीन वेळा नोंद करा.

*धागे मोजणं.* भिंग आणि पट्टी घेऊन एका सेंटिमीटरमध्ये उभे किती, आडवे किती धागे ते मोजा. जुन्या साडीत, रुमालात, गणवेशात. ज्यांच्या घरी माग आहे ती मुलं इथे बाकीच्यांची गुरू होतात.

*घरची चौकशी.* आजीला विचारून या, जुन्या लुगड्याचं काय काय व्हायचं? आमच्या वर्गात उत्तरं आली: बाळाचं झबलं, वाकळ, झोळी, पायपुसणं, शेवटी चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं. आणि जे यातही बसायचं नाही ते बोहारणीला, एका पातेल्याच्या बदल्यात.

त्या मुलीला दिलेलं उत्तर

शेवटच्या तासाला मी तिचा प्रश्न परत फळ्यावर लिहिला. 'मागाचा धंदा वाईट आहे का?' आणि वर्गालाच उत्तर द्यायला सांगितलं.

एक मुलगा म्हणाला, "धंदा वाईट न्हाई, दर वाईट हाय." दुसरी म्हणाली, "खळीचं पाणी साफ न करता सोडणं वाईट." तिसरा म्हणाला, "आपण दरवर्षी नवीन मागतो ते."

तिघांचंही बरोबर आहे. कापूस हे वाईट पीक नाही, माग हे वाईट काम नाही. कापड स्वस्त दिसतं ते त्याचा काही खर्च यवतमाळच्या शेतमजुराने, माधवनगरच्या मागवाल्याच्या कानांनी आणि शिरोळच्या नदीने भरलेला असतो म्हणून. तो खर्च किमतीत दिसायला लागणं, आणि आपण कमी घेऊन जास्त वापरणं, याला मी शाश्वतता म्हणते. मुलीला मी हेच सांगितलं, आणि पप्पांनी दुरुस्त केलेलं गणित वर्गाच्या तक्त्यावर लावलं. त्याच्या बाजूला २,७०० लिटरचा तक्ता अजून आहे. फक्त त्याखाली मुलांनी एक ओळ लिहिली आहे: 'आमच्याकडे यातलं बरंचसं पावसाचं'.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावात माग नसतील, पण जिनिंग असेल, शिलाईचे बचत गट असतील, कापसाची शेतं असतील. तुमच्या गावची कडी कोणती ते मुलांना शोधू द्या. आणि पालकांनो, उद्या गणवेश धुताना आतलं लेबल मुलांसोबत वाचून बघा. तिथून सुरुवात करता येते.